आम्ही तिचं काय घोडं मारलंय?

घरात कुणाला डिप्रेशन आलं की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वेगवेगळ्या नात्यांच्या तोंडून येतं. कधी बहीण म्हणते, कधी जाऊ, कधी कॉलेजपासूनचा मित्र. फोन उचलत नाही, मेसेजवर निळ्या खुणा दिसतात पण उत्तर नाही, घरी गेलं तर पाच मिनिटांत आत जाऊन पडते. आम्ही तिचं काय घोडं मारलंय? या प्रश्नात काळजी असते आणि रागही असतो. राग गिळू नका, इथे बोलून टाका, असं मी सांगते. निम्मा गुंता तिथेच सापडतो.

सरिताताई अशाच चिडून आल्या होत्या. (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) त्यांची धाकटी बहीण मीनल, वय ४३, नाशिकला सिडकोत राहणारी, घरीच ब्लाउज शिवून देणारी. मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला, नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. सरिताताईंच्या मुलाच्या साखरपुड्याला ही सख्खी मावशी आली नाही. "चार माणसांत मला विचारत होते, धाकटी कुठंय? काय सांगायचं मी?"

तिला न आणता मी एकटीच आले, चालेल ना, असंही त्यांनी विचारलं. चालतं. घरातून जो आधी येतो त्याच्यापासून सुरुवात करता येते.

आपल्याकडची नाती बरीचशी जाण्यायेण्यावर टिकतात. बारसं, वास्तुशांत, हळदीकुंकू, कुणाकडे गमी झाली की भेटून येणं. कोण आलं, कोण नाही, याची नोंद कुठेतरी होतेच. आणि डिप्रेशन पहिला घाव इथेच घालतं. साडी नेसून तयार होणं, रिक्षा करून जाणं, 'काय गं, बारीक झालीस' याला दहा वेळा हसून उत्तर देणं, हे बऱ्या माणसाला काम वाटत नाही. या आजारात ते डोंगराएवढं होतं. ताप असता तर कुणी मानपान काढला नसता. थर्मामीटरवर दिसत नाही, तर मग माज दिसतो.

काही दिवसांनी ताई मीनलला घेऊन आल्या. झोप पहाटे तीनला मोडते, जेवण नावाला, मशीनवर बसलं की शिलाई उसवावी लागते, म्हणून मशीनवर कापड टाकून ठेवलेलं. गिऱ्हाइकं आधी तगादा लावायची, मग कापडं परत घेऊन गेली. हे दोन-चार आठवड्यांचं नव्हतं, सात-आठ महिन्यांचं होतं. मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. विचारल्याने ते विचार कुणाच्या डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायची वाट मोकळी होते. "झोपेत गेले तर बरं, असं वाटतं. करणार काही नाही." ही गोष्ट मी नोंदवली आणि पुढच्या प्रत्येक भेटीत पुन्हा विचारली.

मग ती डब्यांबद्दल बोलली.

ओट्याखालच्या कपाटात लोकांचे डबे पडलेत, म्हणाली. समोरच्या काकूंचा स्टीलचा, त्यांच्या मिस्टरांचं नाव कोरलेला. खालच्या वहिनींचा झाकण घट्ट बसणारा. आजारी दिसते म्हणून त्यांनी भाजी, शिरा, काहीबाही दिलेलं. आता रिकामा डबा परत द्यायचा नसतो. भरून द्यायचा तर काहीतरी करायला हवं, आणि ओट्यापाशी दहा मिनिटं उभं राहवत नाही. म्हणून डबे तसेच. डबे तसेच म्हणून काकूंना तोंड दाखवायची चोरी. जिन्यात चाहूल लागली की ही दाराच्या भिंगातून बघणार, सगळं शांत झालं की कचरा टाकायला बाहेर पडणार. एक दिवस दाराआडून काकूंचा आवाज ऐकला : "डबा घेतला तो घेतलाच, साधी हाक नाही. शिष्ट झालीये अलीकडे."

"मला वाटलं, बरोबरच आहे," मीनल म्हणाली. "मी आहेच तशी."

सगळा खेळ या डब्यात आहे. आजार कानात सांगतो, तू लोकांना नकोशी आहेस. माणूस मागे सरतो. लोकांना ते मागे सरणं म्हणजे आखडूपणा वाटतो, तेही पाय काढून घेतात. आणि आजाराला आयता पुरावा मिळतो. काकू वाईट नव्हत्या, मीनल शिष्ट नव्हती. दोघी आपापल्या दाराआड दुखावलेल्या होत्या.

सुरुवात मात्र नात्यातूनच झाली होती. वडील गेले, वर्षश्राद्धाच्या आत भावाने दोघी बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला, देशभर तो २००५ साली आला; तरी माहेर टिकावं म्हणून सही करणाऱ्या बायका मी आजही बघते. मीनलने केली. नंतर भावाचे फोन कमी होत थांबले, भाऊबीजेला 'आम्ही बाहेरगावी आहोत' असा निरोप आला. जमीन गेल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. वडील आणि माहेर दोन्ही एकाच वर्षात गेलं होतं, आणि हे कुणाशी बोलणार? नवऱ्याला सांगावं तर 'मी तेव्हाच म्हणालो होतो'. ताईशी बोलावं तर ताई भावाशी भांडणार.

लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी केलेला अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. मोठा आघात झालेल्या बायकांपैकी, जिला मन मोकळं करावं असं जवळचं माणूस होतं तिला डिप्रेशन येण्याची शक्यता बरीच कमी दिसली. मीनलच्या आसपास नातेवाइकांची ददात नव्हती. मन मोकळं करायला मात्र एकही नव्हतं.

नवरा दिलीप रात्रपाळी करून तसाच आला, डोळे लाल. म्हणाला, "मॅडम, दिवसातून दहादा विचारते, चिडलात का माझ्यावर? मी म्हणतो, नाही. परत विचारते. शेवटी मी चिडतोच. मग म्हणते, बघा, मला माहीत होतं."

हे इतक्या घरांत ऐकलंय की आता मी त्याचं पुढचं वाक्य आधीच सांगू शकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन याने १९७६ साली विद्यार्थिनींना वीस-वीस मिनिटं फोनवर बोलायला लावलं, काहींना डिप्रेशनच्या रुग्णांशी, काहींना इतरांशी. रुग्णांशी बोललेल्या मुली नंतर जास्त उदास आणि चिडलेल्या होत्या, त्या व्यक्तीशी पुन्हा संबंध ठेवायची इच्छाही कमी होती. पुढच्या अभ्यासांत उदासी लागण्याचा भाग तेवढा ठाम निघाला नाही, दूर सरण्याचा मात्र दिसत राहिला. हे मी दिलीपला सांगितलं तेव्हा त्याचे खांदे जरा खाली आले. आपण दगड नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणखी एक छोटा प्रश्न मी नेहमी विचारते. तुमचा जोडीदार तुम्हाला किती टोचून बोलतो, एक ते दहात सांगा. जिल हूली आणि जॉन टीसडेल यांनी १९८९ साली दाखवलं की डिप्रेशनमधून बऱ्या झालेल्या माणसाचं या एका प्रश्नाचं उत्तर, आजार उलटेल का याचा चांगला अंदाज देतं. मीनलने आठ सांगितलं. दिलीपला वाटत होतं, तीन. तो टोमणा मारत नव्हता, पण 'आज उठलीस वाटतं' हे कौतुकाने म्हटलेलं तिला आठ नंबरचं लागत होतं.

मग घरात एक ठरलं. 'चिडलात का' याला एकदाच उत्तर, आणि तेही खरं. 'चिडलो नाही, दमलोय.' किंवा 'हो, चिडलोय, सुपरवायझरवर.' गोड खोटं बोलायचं नाही, कारण या आजारातलं माणूस समोरच्याचा चेहरा फार बारीक वाचतं. दुसऱ्यांदा विचारलं तर उत्तर नाही, दोघांनी उठून काहीतरी करायचं, चहा टाकायचा, कपडे घडी करायचे.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्याच आठवड्यात पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, थायरॉईड ठीक निघालं, बी-१२ कमी. औषधाने झोप आधी सुधारली. माणसांत जावंसं वाटणं, माझ्या पाहण्यात, सगळ्यात शेवटी येतं. म्हणून 'आधी बरं वाटू दे, मग लोकांना भेट' हा सल्ला मी देत नाही. वाटण्याची वाट न बघता करण्याच्या लहान गोष्टी ठरवायच्या. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमकी हीच पद्धत वापरली, तीही डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून, सहा ते आठ भेटींत. तिथल्या रुग्णांना झालेला फायदा २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मीनलची लहान गोष्ट म्हणजे काकूंचा डबा. पदार्थ करायचा नाही, दोन वाट्या साखर घालायची. वेळ सकाळी अकराची, काकू एकट्या असतात तेव्हा. वाक्य एकच : "तब्येत बरी नव्हती काकू, डबा राहिला." आत बसायचं नाही, दारातून परत. एक आठवडा तसाच गेला. दुसऱ्या आठवड्यात डबा गेला. काकू म्हणाल्या, "अगं बाई, डबा काय पळून चाललाय का!" आणि त्याच डब्यात लिंबाचं लोणचं घालून परत हातात दिला. मीनल माझ्यासमोर कपाळाला हात लावून म्हणाली, "आता हा परत द्यायचा!" सात-आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती हसत होती, असं ताई म्हणाल्या.

सगळं जुळलं नाही. भिशीतल्या एका मैत्रिणीने पुन्हा बोलणं सुरू केलं नाही. मीनलने एकदा निरोप पाठवला, मग सोडून दिलं. भावाकडे जाऊन समेट कर, असं मी सुचवलं नाही. आजारी माणसाने सगळी तुटलेली नाती सांधायचा ठेका घेऊ नये. तिने नवऱ्याला मात्र हक्कसोडीनंतरचं सगळं सांगितलं, आणि 'मी तेव्हाच म्हणालो होतो' हे त्याने, मोठ्या कष्टाने, गिळलं. डिप्रेशन हा शब्द तिने दोघा-तिघांपुढेच उच्चारला. बाकीच्यांना 'तब्येत' पुरेशी होती.

सरिताताईंचं घोडं कुणी मारलं नव्हतं, हे त्यांना पटायला वेळ लागला. रोज रात्रीचा 'मन रमव, भजनी मंडळात जा' हा फोन बंद झाला. त्याऐवजी गुरुवारी त्या मेथीची जुडी घेऊन जाऊ लागल्या. दोघी पेपर पसरून निवडत बसायच्या. समोरासमोर बसून 'बोल काय होतंय' म्हटलं की जे निघत नाही, ते भाजी निवडताना निघतं.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर 'काही लागलं तर सांग' असं मोघम म्हणू नका. त्यावर ती सांगणार नाही. 'साडेपाचला गेटपाशी येते, दहा मिनिटं चालू, नको वाटलं तर वरूनच हात कर' असं म्हणा. मेसेज टाकताना 'उत्तर द्यायची घाई नाही' हे लिहा. ती दोनदा आली नाही तरी तिसऱ्यांदा बोलवा. आणि हे एकट्याने ओढू नका. ताईंनी दिलीप, काकू आणि पुण्याच्या मुलाबरोबर हे ओझं वाटून घेतलं म्हणून त्या टिकल्या.

ती यायला तयारच नसेल तर तुम्ही या. पण मरणाची भाषा, वस्तू वाटून टाकणं, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलणं, यातलं काही दिसलं तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबायचं नाही, तिला एकटं ठेवायचं नाही आणि जवळच्या रुग्णालयात न्यायचं. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही मिळते. तिथे नातेवाईकही फोन करू शकतात.