गाडी मोडली कशाने, ते आधी विचार

बाळ, अनेक आशीर्वाद.

लिलावातल्या त्या मोडक्या होंडा सिव्हिकचे ढीगभर फोटो पाठवलेस आणि खाली एवढंच लिहिलंस, "काका, घेऊ की नको? बाबा म्हणतात हात लावू नकोस. रूममेट म्हणते निम्म्या किमतीत मिळतेय, सोडू नकोस." दोघांनीही गाडी बघितलेली नाही, आणि खरं सांगायचं तर तूही नाही. तू किंमत बघितलीस आणि टायटलवरचा, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावरचा, सॅल्व्हेजचा शिक्का बघितलास. किंमत बघून हुरळलीस, शिक्का बघून घाबरलीस. पण या गाडीला झालं काय, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही तुला? मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतेस ना?

मी अमेरिकेत आल्यापासून मोडक्या गाड्यांवरच पोट भरलं. आधी दुसऱ्याच्या बॉडी शॉपमध्ये, नंतर स्वतःच्या. त्या सगळ्या वर्षांतून मी एकच प्रश्न घेऊन बाहेर पडलोय, तो म्हणजे गाडी मोडली कशाने. किंमत, मॉडेल, माइल्स सगळं त्याच्या नंतर.

शिक्क्याला एवढी का घाबरतेस तेही कळत नाही. शिक्का हा इन्शुरन्स कंपनीचा हिशेब असतो. समज, अपघाताआधी गाडीची किंमत १४,००० डॉलर होती. दुरुस्तीचा अंदाज निघाला ९,०००. मोडकी आहे तशी लिलावात ५,५०० ला जाईल असं कंपनीला वाटतं. बेरीज १४,५००. म्हणजे दुरुस्त करून देण्यापेक्षा मालकाच्या हातावर पैसे ठेवून गाडी लिलावात काढलेली परवडते. झाली टोटल, म्हणजे कंपनीच्या लेखी गाडी संपली. आपल्या न्यू जर्सीत असाच हिशेब चालतो. हडसन ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलीस की दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ७५ टक्क्यांना टेकला की टोटल. फ्लोरिडात तो आकडा ८०, टेक्सासात १००. तीच गाडी, तोच मार, आणि राज्याची हद्द बदलली की निकाल बदलतो. गाडी जुनी असेल तर अजून गंमत. दहा-बारा वर्षांच्या कोरोलाच्या एअरबॅग फुटल्या की इंजिनाला ओरखडा नसला तरी ती टोटल होते, कारण एअरबॅग, डॅशबोर्ड आणि बेल्ट बदलण्यातच तिची किंमत संपते.

म्हणून शिक्क्याच्या मागे जा. टेक्सास-कोलोरॅडोकडे गारपीट झाली की टपावर आणि बॉनेटवर शेकडो पोचे पडतात, आणि आतलं सगळं ठणठणीत असूनही गाडी टोटल होते. अशी गाडी मी डोळे मिटून घेतली असती, म्हणजे लिफ्टवर चढवून बघून मग डोळे मिटून. चोरीला गेलेली गाडी कंपनीने पैसे देऊन टाकल्यावर सापडली, फक्त चाकं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गायब आहे, तीही घ्यावी. मागून हलका ठोकर बसलेली, एअरबॅग न फुटलेली, बघावी. समोरून बसलेली असेल तर मी आधी तासभर तिच्याभोवती फिरेन.

आणि पाण्यातली? नाही. त्यावर माझ्याशी वाद घालायचा नाही.

२०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर समुद्र रस्त्यात शिरला होता. खाऱ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर धुऊन, शांपू मारून, वासाचं झाड आरशाला लटकवून विकायला आलेल्या मी बघितल्यात. बाहेरून अगदी नवरी. अशी गाडी कशी ओळखायची ते नीट वाच. ड्रायव्हरचा सीट बेल्ट पार शेवटापर्यंत ओढ. रोज लावताना पट्ट्याचा जो भाग कधी बाहेरच येत नाही, तिथे गढूळ पाण्याची आडवी रेघ सापडते. तो पट्टा धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग सीट पुढे-मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघ, त्यांच्या डोक्यावर तांबूस गंज आहे का. सीटखालच्या वायरींवर आणि कनेक्टरवर टॉर्च मारून बघ, हिरवट बुरा धरलाय का. पिवळा कनेक्टर मात्र सोडवू नकोस, तो एअरबॅगचा असतो. डिकीतलं जादा चाक उचल आणि त्या खड्ड्यात बोट फिरव. बारीक रेती लागली तर गाडी तिथेच ठेव, विकणाऱ्याला नमस्कार कर आणि बस पकडून घरी ये. खाऱ्या पाण्याने वायरिंग लगेच मरत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने, रात्री टर्नपाइक हायवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगात असताना मरतं.

तुझे बाबा २००५ च्या २६ जुलैला कुर्ल्यात अडकले होते, हे तूच सांगितलं होतंस. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या गाड्या नंतर कुठे कुठे विकल्या गेल्या ते त्यांनी बघितलंय, त्यामुळे त्यांची भीती खुळी नाही. शिवाय तिकडे आरसीवर असा शिक्काच येत नाही. टोटल लॉसची गाडी भंगारात जाते आणि तिचे कागद, तिचा चॅसी नंबर चोरीच्या गाडीवर चढतो, अशा टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्यात. इथे निदान कागद बोलतो. १९९२ च्या कायद्याने टायटलची देशभराची नोंद ठेवणारी यंत्रणा आली. व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून थोड्या डॉलरांत त्या नोंदीचा रिपोर्ट काढता येतो. विम्यातले गुन्हे शोधणाऱ्या एनआयसीबी या संस्थेचं व्हिनचेक तर फुकट आहे, चोरी आणि सॅल्व्हेज दोन्ही दाखवतं. पण कागदही धुतले जातात. एका राज्यातला शिक्का दुसऱ्या राज्यात नोंदणी करताना गळून पडावा म्हणून गाड्या मुद्दाम फिरवतात. म्हणून टायटलवर शिक्का नसला तरी प्रश्न तोच, गाडी मोडली कशाने.

आता तुझी सिव्हिक. पाचवा फोटो मोठा करून बघ. स्टिअरिंगच्या मधून पांढरं कापड लोंबतंय. एअरबॅग फुटलीय. इथे माझं डोकं फिरतं ते का, ऐक. खरी, कंपनीची एअरबॅग महाग असते. धडकेत बेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर आणि एअरबॅग उडवणारं कंट्रोल मॉड्यूल धरून खर्च हजारांत जातो. म्हणून काही लोक ऑनलाइन मिळणारा स्वस्त माल बसवतात. २०२४ साली अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, यावर जाहीर इशारा दिला. एअरबॅग फुगवणारे निकृष्ट दर्जाचे बदली इन्फ्लेटर फुटताना धातूचे तुकडे चालकाच्या छातीत, मानेत, चेहऱ्यात घुसले आणि माणसं दगावली. त्या गाड्या आधी अपघात झालेल्या होत्या. पुढे त्यांना साधी ठोकर बसली, ज्यात माणूस खरचटून बाहेर यायला हवा होता. काही महाभाग तर एअरबॅग बसवतच नाहीत. जुन्या कव्हराला गोंद लावतात आणि मॉड्यूलला फसवायला वायरीत रेझिस्टर टाकतात. स्टार्टचं बटण दाबल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर विकणाऱ्याने बहुतेक तो दिवाच मारून टाकलाय. कुणी दुरुस्त करून विकायला आणलेली गाडी बघशील तेव्हा पहिल्यांदा हा दिवा बघ, मग रंगाचं कौतुक कर.

माझा भागीदार होता, आपल्या साताऱ्याकडचाच. तो म्हणायचा, "गिऱ्हाईक एअरबॅग उघडून बघतं का?" मी म्हणायचो, उघडून बघायची वेळ येते ना त्याच्यावर एक दिवस. यावरून आमची भागीदारी मोडली. आज त्याचं घर माझ्या घराच्या दुप्पट आहे. जेवायला गेलो होतो, छान आहे घर. मी विकलेल्या प्रत्येक गाडीबरोबर तिच्या मोडक्या अवस्थेतले फोटो पाकिटात घालून द्यायचो. निम्मी गिऱ्हाइकं ते बघून उठून जायची. जाऊ देत. बायको म्हणते, तुमच्या या हट्टापायी मी जन्मात शोरूममधल्या नव्या गाडीत बसले नाही. ती खंत आहे मला, नाही असं नाही. पण पाकीट देणं मी थांबवलं नाही आणि आज विचारशील तरी थांबवणार नाही.

तू म्हणशील, मग सरकार तपासत नाही का? तपासतं. सॅल्व्हेज गाडी परत रस्त्यावर आणायला तपासणी लागते, पार्ट्सच्या पावत्या दाखवाव्या लागतात. पण बऱ्याच राज्यांत ते चोरीचे पार्ट तर नाहीत ना, एवढंच प्रामुख्याने बघतात. तुझा वेल्ड कसा पडलाय हे कुणी वाकून बघत नाही. आणि काचेवरच्या त्या तपासणीच्या स्टिकरचं म्हणशील तर जर्सीने ऑगस्ट २०१० पासून खाजगी गाड्यांच्या ब्रेक-स्टिअरिंगची तपासणीच बंद केली. आता फक्त धूर बघतात. म्हणजे चॅसी सरळ आहे का, हे तुलाच बघायचंय. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या फेंडरखालचा पत्रा एकमेकांशी ताडून बघ. कारखान्यातले स्पॉट वेल्ड एकसारख्या अंतरावर, गोल खळ्यांसारखे असतात. एका बाजूला खळ्या आणि दुसरीकडे ब्रशने फासलेला सीलर दिसला तर तो भाग बदललाय. बदलला म्हणून वाईट नाही, पण का बदलला ते विचार. टायर आतल्या कडेने झिजलेत का बघ. रबराच्या पट्टीवर रंगाचे शिंतोडे शोध.

पैशाचं थोडक्यात. बोली ४,००० ची लागली म्हणजे गाडी ४,००० ला पडली असं नाही. खरेदीची फी, गेटची फी, उशीर झाला तर जागेचं भाडं, टोइंग, हजाराच्या आसपास सहज जातात. जाहिरातीत 'रन अँड ड्राइव्ह' लिहिलंय त्यावर भाळू नकोस. गाडी आवारात आली तेव्हा सुरू होऊन जराशी हलली, इतकाच त्याचा अर्थ. पुढे दुरुस्त होऊन रीबिल्टचं, म्हणजे परत उभ्या केलेल्या गाडीचं, टायटल मिळालं तरी बऱ्याच विमा कंपन्या फक्त लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच विमा, देतात, आणि विकताना किंमत साधारण २० ते ४० टक्के कमी येते. 'सर्टिफिकेट ऑफ डिस्ट्रक्शन' लिहिलेली गाडी तर कधीच रस्त्यावर येणार नाही, ती फक्त पार्ट्ससाठी. तुझ्या लिंकमध्ये टायटलचा रकाना तू वाचला आहेस ना?

आणि रूममेट म्हणतेय तसं, दुरुस्त करून विकायची, मग दुसरी घ्यायची, हे डोक्यातून काढ. तू स्टुडंट व्हिसावर आहेस. परवानगीशिवाय धंदा अंगाशी येईल. स्वतःला चालवायला एक गाडी, शिकायला एक गाडी, इथपर्यंत ठीक.

शिकायचंय म्हणून घेतेयस, हे मला आवडलं, हे लिहायचं राहून जात होतं. बाबांना ते कळणार नाही. त्यांना मी फोन करतो. पण मी तुझ्या बाजूने बोलावं असं वाटत असेल तर आधी व्हिनचा रिपोर्ट काढ, लिलावाच्या पानावर प्रायमरी आणि सेकंडरी डॅमेजच्या, म्हणजे मुख्य आणि दुय्यम नुकसानीच्या, रकान्यात काय लिहिलंय ते मला पाठव आणि गाडी मोडली कशाने, ते तुझ्या शब्दांत चार ओळींत लिही. चार ओळी लिहिता आल्या नाहीत तर बोली लावायची नाही. लिलावाच्या आवारात आधी जाऊन बघायची सोय असते. शनिवारी जाऊ. टॉर्च, जुनी पँट, हातमोजे घेऊन ये. आणि अजून एक, गाडी घेतलीस तर पहिली खरेदी रेंच-बिंच नाही, चांगले जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरताना दिसलीस तर किल्ली काढून घेईन.

तुझा,
काका