मंगळ दहापट का फुगला?

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. क्लासच्या शीटमध्ये मंगळाचं वस्तुमान (६.४२ गुणिले १० चा २३वा घात किलो) आणि घनता ३.९३ दिलीय, त्यावरून त्रिज्या काढायचीय. माझी येते ३३,९०० किलोमीटर, शीटमध्ये ३,३९० आहे. चार वेळा केलं. दादा म्हणतो छापायची चूक असेल.

उत्तर : छापायची चूक नाही गं. तुझा मंगळ युरेनसपेक्षा मोठा झालाय, युरेनसची त्रिज्या पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे काहीतरी गंडलंय हे नक्की, आणि फॉर्म्युला तुझा बरोबरच असणार नाहीतर आकडे इतके तंतोतंत जुळले नसते.

गडबड त्या ३.९३ मध्ये आहे. ते ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आहे आणि वस्तुमान तू किलोत घेतलंस. पाण्याचं बघ ना, एक घन सेंटीमीटर म्हणजे एक ग्रॅम, पण एक घनमीटर म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी, हजार किलो. म्हणून ३.९३ चे ३,९३० करायचे. आता भाग दे, घनफळ येतं १.६३ गुणिले १० चा २०वा घात घनमीटर, त्याला ३ ने गुणून ४ पायने भागलं की त्रिज्येचा घन येतो, ३.९ गुणिले १० चा १९वा घात. इथे बरेचजण अडकतात कारण १९ ला ३ ने भाग जात नाही, तर सरळ ३९ गुणिले १० चा १८वा घात असं लिही, ३९ चं घनमूळ ३.३९, झालं, ३३ लाख ९० हजार मीटर.

बरोब्बर दहापटच का चुकलं? घनता हजारपट कमी धरलीस, घनफळ हजारपट वाढलं, आणि हजारचं घनमूळ दहा. लाडवाचंही तसंच, आठपट सारण घेतलं तरी लाडू फक्त दुप्पट रुंद होतो.

बाकी हे गणित मला जरा उलटंच वाटतं. खरं तर मंगळाचा आकार दुर्बिणीतून आणि यानांनी मोजलेला, वस्तुमान त्याचे चंद्र आणि यानं त्याच्याभोवती कशी फिरतात त्यावरून, आणि घनता सगळ्यात शेवटी निघते. पण निघाली की मजा येते, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाची घनता २.९ च्या आसपास आणि अख्ख्या मंगळाची सरासरी ३.९३, म्हणजे पोटात लोखंडासारखं जड काहीतरी असणारच.