दोन केमोंच्या मधले दिवस

चि.स अनेक आशीर्वाद,

केमोच्या दुसऱ्या दिवशी आईने स्वतः उठून चहा केला, म्हणून तुझा जीव भांड्यात पडला. तसं होतं. स्टिरॉइड आणि उलटीच्या इंजेक्शनचा जोर असतो तो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती गळून जाईल, तेव्हा धीर सोडू नकोस. उलटीच्या गोळ्या मळमळ सुरू व्हायची वाट न बघता, लिहून दिलेल्या वेळेलाच द्यायच्या. त्यातल्या काहींनी पोट साफ होत नाही. आई आपणहून सांगायची नाही, रोज विचार.

माझा खरा जीव अडकतो तो पुढच्या आठवड्यात. दर 21 दिवसांची केमो असेल, तर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. आणि नेमकी तेव्हाच आई हिंडूफिरू लागलेली असते, नातेवाईक पेढे घेऊन भेटायला येतात. खोकणाऱ्याला दारातूनच परत पाठव, वाईटपणा तू घे. ताप 100.4 फॅरनहाइट झाला किंवा हुडहुडी भरली, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांना फोन करून हॉस्पिटल गाठायचं. आधी क्रोसिन देऊन बघू, असं अजिबात नाही; ताप झाकला जातो, संसर्ग आत वाढत राहतो. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: ‘केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली.’ फाइल दाराशीच ठेव.

तोंड आलं तर कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या, मऊ ब्रश, आणि खिचडी गार करून. फोडणीच्या वासाने तिला ढवळतं, तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घे. ताटावरून भांडू नका. दोन घास गेले तर दोन, तासाभराने पुन्हा विचार. पाणी मात्र पोटात जायलाच हवं.

गुळवेलीचा काढा घेऊन कुणीतरी येईलच. गोड बोलून ठेवून घे, आईला देऊ नकोस. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण 2021मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवलेत. काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

पुढच्या केमोआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, होईल. काउंट कमी आले तर तारीख आठवडाभर पुढे जाते, नेहमीचंच आहे. रजेचा अर्ज त्या हिशेबाने टाक.

तुझी,
मावशी