तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : उन्हाळा आणि वळवाचा पाऊस

प्रश्न : ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असा अंदाज रोजच येतो. पाऊस कधी पडतो, कधी नाही. शिजवलेली हळद खळ्यावर पसरलेली आहे. रोज झाकायची का? (हळद उत्पादक, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. हे प्रमाण जागांचे आहे, पावसाच्या जोराचे नाही. ‘तुरळक’ वाचून सर थोडकी असेल असे धरू नका. वळवाचा ढग आटोपशीर असतो. शिवाराच्या एका अंगाला सऱ्या भरून पाणी वाहते आणि दुसऱ्या अंगाला धूळही बसत नाही.

समुद्राकडून आलेले बाष्प आणि दिवसभर तापलेली जमीन यांतून हे ढग चढतात, म्हणून बहुतेक वेळा दुपारी तीननंतर ते रात्री आठ-नऊपर्यंतच धोका असतो. वाळवणी त्या घड्याळाने चालवा. सकाळी ऊन लागताच हळद दोन-अडीच इंचांच्या थरात पसरा. दुपारी पुढच्या तीन तासांचा तात्काळ इशारा पाहा. हिंगोली, परभणी, नांदेडचे नाव त्यात असेल किंवा आभाळात फुलकोबीसारखे ढग उंच चढताना दिसत असतील, तर ढीग लावायला घ्या. पाऊस दिसल्यावर धावून उपयोग नाही, कारण सरीच्या आधी वावटळ येते आणि ताडपत्री तीच उडवते. ताडपत्रीच्या चारही कडांवर वाळूची पोती ठेवा. ढिगाखालची जागा उंचवट्याची हवी, नाहीतर वरून कोरडी राहिलेली हळद खालून भिजते.

ताडपत्री दिवसभर टाकून ठेवू नका. आतली वाफ हळकुंडांवरच जमते आणि बुरशी धरते. पाऊस थांबला, ऊन आले की लगेच उघडा. भिजलेला माल वाळलेल्यात मिसळू नका. तो वेगळा, पातळ थरात, वारा लागेल असा पसरा. अर्धवट वाळलेली हळद भिजली की रंग उतरतो, आणि भाव तिथेच पडतो. हळकुंड मोडताना कट्‌ असा खणखणीत आवाज आला, म्हणजे वाळवणी पुरी झाली. पॉलिशच्या ढोलात घालण्याआधी ओल ८ ते १० टक्क्यांवर आलेली असावी.

प्रश्न : परभणीत पारा ४२ वर गेला तरी उष्णतेची लाट जाहीर होत नाही. असे का?

उत्तर : कारण मे महिन्यात परभणीचे सरासरी कमाल तापमानच ४० च्या पुढे असते. लाट जाहीर व्हायला मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त चढलेले हवे. किंवा थेट ४५ अंश. शिवाय हे विभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस दिसावे लागते. म्हणजे ‘लाट नाही’ याचा अर्थ ऊन झेपण्यासारखे आहे असा नाही. हा आकडाही सावलीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवरच्या पेटीत मोजलेला असतो. उघड्या वावरात अंगाला बसणारा चटका त्याहून जास्त. वळवाची सर पडून गेली की हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि पारा उतरूनही जीव घाबरतो. अशा दिवशी खुरपणी, वेचणी सकाळी अकराच्या आत उरका. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून ते सोबत न्या. माणूस बरळू लागला, अंग तापले, तर सावलीत आणा, अंगावर पाणी घालून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका.

प्रश्न : विजा कडाडताना बैलं लिंबाखाली बांधावीत का? (शेतकरी, ता. केज)

उत्तर : अजिबात नको. झाडावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत पसरते. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे तो प्रवाह एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायाकडे जातो. तारेच्या कुंपणाजवळही बांधू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम सोडून पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. तोवर विहिरीवरच्या स्टार्टरला हात लावू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजांचा इशारा देते. ते गड्याच्या फोनवरही असू द्या, कारण रानात बहुधा तोच असतो.