कारवानच्या फासळ्या नाही, मांडी बघा

तुमची अडचण थोडक्यात अशी: कागलजवळ मळ्यात घर, कारवान हाउंड या शिकारी जातीच्या कुत्र्याचं चार महिन्यांचं नर पिल्लू, फासळ्या दिसतात म्हणून घरातले दूध-चपाती वाढवतायत, पट्ट्यातून दोनदा निसटलं, आणि ऊस तुटल्यावर त्याला सशामागे सोडायचा बेत.

आधी फासळ्यांचं. हे कुत्रं पळण्यासाठी घडलेलं आहे. छाती खोल, पोट वर ओढलेलं, कातडीखाली चरबी जवळपास नाहीच. शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची दोन हाडं दिसणं हीच याची चांगली तब्येत. मांडीवर हात फिरवा. ती भरलेली आणि टणक लागली तर काळजी नाही. मांडी सपाट झाली आणि पाठीचे मणके एकेक मोजता यायला लागले, तरच कुत्रं खंगलंय. मग आधी जंत बघा. सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी, वजन करून जंताचं औषध द्यायचं.

दूध-चपातीनं पोट फुगतं, प्रथिनं मात्र कमी पडतात. पुष्कळ पिल्लांना त्यानं ढाळही लागते. उलट नुसतं चिकन घातलं तर कॅल्शियम कमी पडून पुढचे पाय वाकतात. त्यामुळे वर्षाचं होईपर्यंत पिल्लांचं तयार खाद्य हाच कमी धोक्याचा मार्ग. सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा. त्यावर वेगळं कॅल्शियम देऊ नका, जास्त झालं तरी हाडं बिघडतात. मोठेपणी २५ किलोच्या नराला दिवसाला साधारण ३५० ग्रॅम चिकन, ज्वारीच्या दोन भाकरी, एक अंडं आणि थोडी शिजवलेली भाजी पुरते. घरच्या खाण्यात कॅल्शियम किती घालायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तांबड्या रश्श्यातली शिजलेली हाडं अजिबात नकोत. कांदा-लसणाचा रस्साही नको.

खाल्ल्यावर दोन तास पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्यात जठराला पीळ पडू शकतो. पोट ढोलासारखं ताठ, ओकारीचा जोर पण बाहेर काही येत नाही, असं दिसलं की घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा. तिथं तासांचा नाही, मिनिटांचा हिशोब असतो.

पट्ट्याचं कारण साधं आहे. याची मान जवळजवळ डोक्याइतकीच जाड, त्यामुळे साधा पट्टा कानांवरून सरकतो. दोन इंच रुंद, ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. वीस फुटांच्या दोरीला बांधून ठेवू नका. दोन-तीन उड्यांतच हे पूर्ण वेग घेतं आणि दोरी संपते तेव्हा सगळा झटका मानेवर येतो.

व्यायामात पहिली चूक म्हणजे गाडीमागे डांबरी रस्त्यावर पळवणं. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हाडांची टोकं कच्ची असतात. तोवर स्वतःहून खेळेल तेवढंच पुरे. नंतर रोज दोनदा अर्धा तास चाल आणि आठवड्यात तीन-चार वेळा बंदिस्त जागेत दहा मिनिटं मोकळी दौड. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. तुटलेल्या उसाच्या फडात कधीच सोडू नका. कोयत्यानं तिरके छाटलेले बुडखे भाल्यासारखे उभे असतात आणि हे कुत्रं पळताना पायाखाली बघत नाही, नजर पुढच्या हलणाऱ्या वस्तूवर. तळव्याची गादी फाटते, कधी छातीत बुडखा घुसतो. काटेरी तारेनं याची पातळ कातडी चिंधीसारखी सुटते. तो लोंबणारा तुकडा कापू नका. मिठाच्या सलाइननं धुवा, स्वच्छ ओल्या फडक्यानं झाका आणि सहा तासांच्या आत टाके घालून घ्या. हळद भरली तर डॉक्टरांना आधी तीच काढत बसावं लागतं.

सशाचा बेत सोडून द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कुत्रं मागे लावणं हीसुद्धा शिकारच. ससा, मोर, घोरपड सगळ्यांना ते लागू आहे. (मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेलं कुत्रं आहे म्हणून त्याला घोरपडीवर सोडायचं नसतं!) मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे. ‘मुधोळ हाउंड’ आणि ‘कारवान हाउंड’ ही एकाच कुत्र्याची दोन नोंदणी-नावं. कानाला-शेपटीला रेशमी झालर असेल तर तो पश्मी. फारसीत पश्म म्हणजे लोकर. २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळ हाउंडवर तिकीटही काढलं होतं. शुद्धतेची खात्री मात्र चार महिन्यांत होत नाही. शर्यतीच्या नादात ग्रेहाउंडचं रक्त बरंच मिसळलंय. वर्षानं कान बघा: कारवानचा कान गालाला चपटा लोंबतो, ग्रेहाउंडचा मागे दुमडतो.

गोचिडाकडे पावसाळ्यात रोज लक्ष हवं. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत आणि शेपटीखाली बोटानं चाचपा. म्हशीचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून चोळणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण. वजनानुसार मिळणारी कुत्र्यांची गोळी द्या. खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या झाल्या, नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. लसींमध्ये रेबीजबरोबर लेप्टोचीही (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) नीट घ्या, मळ्यात उंदीर असतातच.

झोपायला जाड वाकळ घाला, फरशीवर कोपराला पाणी भरून गाठ येते. आणि नसबंदी किंवा कुठलंही ऑपरेशन असलं की ‘हे हाउंड आहे’ असं डॉक्टरांना आधी सांगा. थायोपेंटोनसारखी भूल या बांध्यात लवकर उतरत नाही, म्हणून प्रोपोफॉल या दुसऱ्या भुलीबद्दल विचारा. शुद्धीवर येईपर्यंत अंगावर पांघरूण ठेवा. चरबी नसल्यानं ते झपाट्यानं गार पडतं.