भगताकडे नेलंत, त्याबद्दल आधी बोलू

नमस्कार.

वडील म्हणून तुम्ही लिहिलंत ते असं. मुलगा अकरावी सायन्सला, दहावीला ८७ टक्के, आणि आता म्हणतो पॅरानॉर्मल इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे भुताटकीच्या जागांचा शोध घेणारा, व्हायचंय. रेकॉर्डर आणि ईएमएफ मीटर घेऊन मित्रांबरोबर रात्री परळच्या एका बंद गिरणीत शिरतो. तुम्ही मीटर कपाटात कुलूपबंद केलंत आणि मला विचारताय, याला जेईईकडे कसं वळवू? पत्राच्या शेवटी जाता जाता आणखी एक लिहिलंय. अमावास्येला त्याला विरारपलीकडे एका भगताकडे नेलं, भगतानं मिरचीची धुरी दिली, तरी फरक पडला नाही.

जेईई राहू द्या बाजूला. १६ वर्षांच्या मुलाच्या नाकातोंडात मिरचीचा धूर गेला आणि तुम्ही तिथे उभे होतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली धुरी देणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि कायदा ‘स्वतः किंवा दुसऱ्याकरवी’ असं म्हणतो. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला. मुलाला तुम्ही भुतांच्या नादी लागलास म्हणता, पण तो तिथे मोजमाप करायला जातोय. बाधा झाली असं धरून चाललात ते तुम्ही.

त्याचं सगळं बरोबर आहे असं मात्र नाही. मीटरचा दिवा लागला म्हणजे तिथे कुणीतरी आहे, ही त्याची समजूत पार चुकीची आहे. ते मीटर विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं. भिंतीतली जुनी वायरिंग, शेजारचा फ्रिज, त्याच्याच खिशातला मोबाइल, कशानेही काटा हलतो. भूत म्हणून दाखवतात ते फोटोतले पांढरे गोळे म्हणजे बहुतेक वेळा फ्लॅशमध्ये उजळलेली धूळ. व्हिक टँडी या ब्रिटिश इंजिनिअरची गोष्ट त्याला जरूर वाचायला द्या. प्रयोगशाळेत रात्री एकट्यानं काम करताना त्याला घाम फुटला, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात पकडलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरू लागलं. तो पळाला नाही, पातं पुढेमागे सरकवून कंप कुठे वाढतो ते बघत बसला. शेवटी एका पंख्यापाशी पोहोचला. पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी तयार होत होता. १९९८ मध्ये त्यानं हे छापलं. आकृती त्या ध्वनीमुळेच दिसली, हे पुढे सगळ्यांना पटलेलं नाही. पण शोध घ्यायचा तो असा.

मुलासाठी चार शब्द. बाळा, गिरणीत जाणं आजपासून बंद. मालकाच्या परवानगीशिवाय शिरणं गुन्हा ठरू शकतो आणि कुजलेल्या मजल्यावरून पडलास तर रात्री कुणाला कळणारही नाही. आरेच्या जंगलात जायचं मनात असेल, तर तिथे रात्री बिबट्या असतो. परवानगी लेखी घे, जागा आधी दिवसा बघ, सोबत एक मोठं माणूस ठेव. तिथल्या भुताची गोष्ट ऐकण्याआधी नोंदी कर, आणि तुलनेसाठी तीच मोजणी तुझ्या स्वयंपाकघरातही कर. रेकॉर्डिंगमध्ये काय ऐकू येतं हे मित्राला आधी सांगू नकोस. कुणी घरात भास होतात म्हणालं, तर गॅस गिझर आणि खेळती हवा आधी तपास. कार्बन मोनॉक्साइडनं डोकं दुखतं, भास होतात, जीवही जातो. अमेरिकेतल्या एका ‘झपाटलेल्या’ घराचा उलगडा घर गरम ठेवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीतून झाला होता, ते १९२१ मध्ये छापून आलं.

आणि घाबरलेल्या घरात ‘हो, इथे काहीतरी आहे’ असं चुकूनही म्हणू नकोस. भानामतीच्या प्रकरणांत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हेच काम करत आलेत. कपडे पेटतात, दगड पडतात, आणि करणारं माणूस बहुधा त्याच घरातलं, आतल्या आत कुढणारं निघतं. ते त्याच्याशी एकांतात बोलतात आणि नाव चव्हाट्यावर आणत नाहीत. तू त्यांना जाऊन भेट.

आता वडिलांसाठी. पॅरानॉर्मलच्या ज्या ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याचे १८ हजार भरू नका. या कामाला परवाना लागत नाही, त्यामुळे ते सर्टिफिकेट कुठेच चालणार नाही. ब्रिटनमधल्या एडिंबरा विद्यापीठात १९८५ मध्ये परामानसशास्त्राचं, म्हणजे अशा अनाकलनीय अनुभवांच्या अभ्यासाचं, केंद्र सुरू झालं, तेही मानसशास्त्र विभागात. तेव्हा बारावीनंतर मानसशास्त्र, किंवा मुंबईतच शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत फॉरेन्सिक. जेईई द्यायची असेल तर त्यानं स्वतःहून म्हणू दे.

मीटर आज त्याच्या हातात द्या आणि धुरीबद्दल त्याची माफी मागा. आईकरवी निरोप नको, तुम्ही स्वतः मागा. मग त्याला माझ्याकडे एकट्याला पाठवा.