माथेरानला गर्दी आहे, पण मुक्काम किती?

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीचे. धाकटा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून नोकरी करतोय. आता माथेरानमधलं बारा खोल्यांचं एक जुनं लॉज पाच वर्षांच्या कराराने चालवायला घ्यायचं म्हणतो. मालक सांगतात, शनिवार-रविवार एक खोली रिकामी नसते. बाजारपेठेतला चिक्कीवाला मात्र म्हणाला, "आता पहिल्यासारखं राहिलं नाही." कोणाचं खरं धरायचं? माथेरानचा धंदा खरोखर मंदावलाय का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. मालक शनिवारचं सांगतात, चिक्कीवाला मंगळवारचं. तुमच्या मुलाला भाडं मात्र सातही दिवसांचं भरायचंय.

माझी नोकरी कर्जत तालुक्यात, एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली. लॉजवाले, चपलांचे दुकानदार, घोडेवाले, सगळ्यांची प्रकरणं टेबलावरून जायची. हप्ता कधी येतो आणि कधी थकतो, यावरून वर माथेरानला हंगाम कसा गेला ते कळायचं. मे महिना संपला की जूनच्या पहिल्या आठवड्यात मोठा भरणा, मग दिवाळीनंतर एक, नाताळानंतर एक. जुलै ते सप्टेंबर आम्ही कोणाला नोटीस काढत नसू. बहुतेक लॉज पावसाळ्यात बंदच असायची. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत हे चित्र पालटलं. भर जुलैतही थोडे थोडे पैसे यायला लागले, कारण पावसात भिजायला येणारी तरुण मुलं वाढली. पण जूनचा तो भरघोस भरणा आटत गेला. मे महिन्यात आठ-आठ दिवस राहणारी कुटुंबं येईनाशी झाली होती.

माथेरानबद्दल जो आकडा सगळे सांगतात तो प्रवासी कराचा. नगरपरिषद गावात येणाऱ्या पर्यटकाकडून हा कर घेते. त्यातून डोकी कळतात. सकाळी येऊन संध्याकाळी सहाला दस्तुरीवर, म्हणजे मोटारी जिथे थांबवाव्या लागतात त्या नाक्यावर, गाडीत बसणारा एक, आणि चार रात्री राहणाराही एकच. त्यामुळे कर वाढला म्हणून धंदा वाढला असं म्हणता येत नाही. २०११ च्या जनगणनेत जेमतेम साडेचार हजार वस्ती असलेलं हे गाव. त्याच्या चुली मुक्कामावर पेटतात. खोलीत कोणी झोपलं तर चादर धुवावी लागते, सकाळचा चहा-पोहे लागतात, दूध-भाजी लागते. डोंगराच्या उतारावरच्या आदिवासी वाड्यांतली माणसं पहाटे पायवाटेने वर चढतात ती याच कामांसाठी. दिवसाच्या पाहुण्याकडून घोडा, मॅगी आणि फार तर चिक्कीचं एक पाकीट, एवढंच गावाच्या हाती लागतं. मला मंदी दिसते ती इथे, आणि ती मला अस्वस्थ करते. गर्दीच्या फोटोंत ती दिसत नाही.

मुक्काम का घटला? पहिलं कारण रस्ता आणि स्वतःची गाडी. मुंबई-ठाण्याहून निघालेलं कुटुंब दस्तुरी नाक्यावर गाडी लावतं, एको पॉइंट आणि शार्लोट लेक बघतं आणि रात्री घरी जेवतं. दुसरं कारण पायथ्याशी आहे. नेरळ-कर्जत पट्ट्यात फार्महाउस आणि व्हिला उभे राहिले. तिथे गाडी दारापर्यंत जाते, पोहण्याचा तलाव असतो, दहा-बारा जणांचा गट एकत्र राहतो. माथेरान त्यांच्यासाठी रविवारची चक्कर झालं.

तिसरं कारण गाडीचं, म्हणजे आपल्या छोट्या गाडीचं. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही नेरळ-माथेरान लाइन १९०७ मध्ये सुरू झाली. वीस-एकवीस किलोमीटर चढायला दोन-अडीच तास घेणाऱ्या गाडीने जो वर येतो तो सहसा राहायच्या तयारीनेच येतो. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले आणि नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) हा टप्पा ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिला. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान शटल होती, पण ती दस्तुरीपर्यंत मोटारीने आलेल्यांच्या सोयीची. तीन वर्षं आणि त्यात कोविड. ज्या मुलांनी त्या वयात ही गाडी पाहिलीच नाही, ती पुन्हा आईबापांकडे हट्ट कसा धरतील? पावसाळ्यात खालचा टप्पा आजही बंद असतो.

एक जखम मात्र गावाच्या आतली आहे. दस्तुरीवर उतरलेल्या माणसाला "पुढे काहीच मिळत नाही, रस्ता फार लांब आहे" असं सांगून घोड्यावर बसवतात, पैसे उकळतात, ही तक्रार इतकी वाढली की मार्च २०२५ मध्ये गावातल्याच व्यापारी-हॉटेलवाल्यांनी माथेरान बंद पुकारला. ऐन पर्यटनाच्या गावाने स्वतःची दुकानं बंद ठेवावीत, यावरून त्यांची तगमग समजा. घोडेवाल्यांचं पोटही त्याच वाटेवर आहे, त्यांना वगळून तोडगा निघणार नाही. पण फसवला गेलेला पाहुणा दुसऱ्यांदा मुक्कामाला येत नाही, हे त्यांनाही कोणीतरी शांतपणे बसून सांगायला हवं.

आशा आहे ती ई-रिक्षांकडून. डिसेंबर २०२२ मध्ये त्या प्रायोगिक तत्त्वावर आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या चालकांना ई-रिक्षा देण्याची योजना आखायला सांगितलं. मला हा निर्णय माणुसकीचा वाटतो आणि धंद्याचाही. आठ दिवस राहणारे पाहुणे बहुधा वयस्क असतात. दस्तुरीपासून बाजारापर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची लाल मातीची वाट गुडघेदुखीवाल्या आजींना झेपत नाही, आणि माणसाच्या खांद्यावर भार टाकून जाणं अनेकांना पटत नाही. त्यांचा येण्याचा मार्ग आता सुकर होतोय. तुमच्या मुलाने याच गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यावं : तळमजल्यावरच्या खोल्या, न्हाणीघरात धरायला दांडे, बिनतिखटाचं जेवण, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांचा वेगळा दर.

आता हिशेब. बारा खोल्या, तीस दिवस, म्हणजे महिन्याला ३६० रात्री. फक्त शुक्रवार-शनिवार भरला तर शंभरेक रात्री होतात, तिसरा हिस्साही नाही. मालकांकडून गेल्या तीन वर्षांची महिनावार जीएसटी विवरणपत्रं, विजेची बिलं आणि धोब्याचा हिशेब मागून घ्या. रजिस्टर रंगवता येतं. धुतलेल्या चादरींचा हिशेब कोणी रंगवत नाही. मग मुलाला एखाद्या मंगळवारी-बुधवारी तिथेच राहू द्या आणि रात्री बाजारात किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजू द्या.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, छप्पर आणि गळतीची दुरुस्ती मालकाची. २००३ पासून माथेरान पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामाला परवानग्या लागतात. शिवाय गावात मोटारीला बंदी असल्याने सिमेंटची गोणी घोड्याच्या पाठीवरून किंवा हातगाडीवरून येते, तिची किंमत खालच्यापेक्षा कितीतरी जास्त पडते. दुसरी, ठरावीक भाडं कमी आणि त्यावर उत्पन्नातला हिस्सा. मालकांना शनिवारवर इतका भरवसा असेल तर त्यांनी मंगळवारचा धोकाही वाटून घ्यावा. त्याला ते तयार नसतील तर पाच वर्षांचा करार करू नका. अकरा महिन्यांचा करा, एक पावसाळा आणि एक मे महिना बघा.

प्रश्न : मी नेरळला स्टेशनजवळ घरगुती जेवणाचे डबे देते. रविवारी माथेरानच्या गाड्यांची रांग लागते. घाटाच्या तोंडाशी गाळा घेऊन रविवारचं मोठं काम सुरू करू का?
– एक वाचक, नेरळ

उत्तर : रविवारसाठी महिन्याचं भाडं अंगावर घेऊ नका. रांगेत अडकलेला माणूस चिडलेला असतो, तो वडापाव घेतो, जेवायला उतरत नाही. तुमचं खरं गिऱ्हाईक व्हिलातले गट आहेत. त्यांच्याकडे स्वयंपाकघर असतं, पण रांधायला कोणी नसतं. तिथल्या राखणदारांना भेटा, शनिवार रात्र आणि रविवार दुपारच्या जेवणाचा दर ठरवून द्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या. डब्यांचं सोमवार ते शुक्रवारचं काम मात्र कमी करू नका. भाकरी आणि सुक्या भाजीने सुरुवात करा, ती वाटेत सांडत नाही.